कंडक्टरचा आवाज

"डिस्क दिसत नाहीये," दुरुस्तीवाली म्हणाली.

बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टिम कुठे टाकायची, असं विचारणारी चौकट पडद्यावर उघडली होती. तिच्याखाली डिस्कचं नाव यायला हवं होतं. जागा कोरीच होती.

काउंटरपाशी स्टुलावर बसलेल्या कंडक्टरने आपल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा पंख्याकडे पाहत होता.

"दिसत नाही म्हणजे?" सून पुढे झाली. "ताई, त्यात बाबांचा आवाज आहे हो!"

गेल्या वर्षी कंडक्टरच्या गळ्यातली गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. ज्या गळ्याने त्याने आयुष्यभर भरल्या बसमध्ये माणसं पुढे सरकवली, त्यातून आता नुसता वारा यायचा. ऑपरेशनच्या आधी सुनेनेच हट्टाने त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं. "काय बोलू गं? भाषण ठोकू?" म्हणत म्हणत तो बराच वेळ बोलला होता. ते आणखी कुठे उतरवून ठेवायचं मात्र राहून गेलं. उद्या करू म्हटलेली कामं अशीच राहतात.

घरात आता तो बोटांनी बोलायचा. एकदा ठोकलं म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चल. बसमधल्या घंटीचीच रीत. घरच्यांना वेगळी शिकवावी लागली नाही.

दुरुस्तीवालीने कॉम्प्युटरची पेटी उघडली. डिस्कची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. मशीन चालू केलं. जागा कोरी. दुसरी वायर लावून पाहिली. तरी कोरीच. दर वेळी पडदा काळा झाला की कंडक्टर स्टुलावरून अर्धा उठायचा. ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर आडवं होतानाही तो इतका घाबरला नव्हता. तेव्हा मागे काहीतरी ठेवून आलोय, एवढा धीर होता.

"डिस्क मेली असेल तर?" सुनेने हळूच विचारलं.

"थांबा, आधीच रडू नका." दुरुस्तीवाली मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरली. "हे बघा, इथे नाव दिसतंय. डिस्क जिवंत आहे. पण डिस्क चालवायचा मोड बदललाय, म्हणून नवी सिस्टिम टाकणाऱ्या इन्स्टॉलरला ती सापडत नाही. इथे कोणी हात घातला होता?"

कंडक्टरचे डोळे मुलावरून हलेनात.

"मी," मुलगा शेवटी म्हणाला. "ऑफिसातला एक जण म्हणाला, मोड बदलला की मशीन पळतं."

"पळालं ना! थेट दुरुस्तीच्या दुकानापर्यंत," सून म्हणाली. "आणि आठवडाभर तोंडातून शब्द नाही तुमच्या!"

"बाबांचा आवाज आपल्या हातून गेला, हे कसं सांगू गं?"

दुरुस्तीवालीने मोड पूर्ववत केला आणि इन्स्टॉलर पुन्हा लावला. या वेळी डिस्कचं नाव आलं. सुनेने हात जोडले.

"आली बाई! आता टाका पटकन नवी सिस्टिम."

दुरुस्तीवालीने माउस हातात घेतला. कंडक्टरने काउंटरवर बोटाचं पेर आपटलं. एकदाच. माउस जागीच राहिला.

"थांबा म्हणतायत ते," मुलगा घाईने म्हणाला.

"खरंय काका. नवी टाकताना जुनं पुसलं जाईल, आणि आता तिची गरजच नसेल. जुनीच चालू होते का बघू. आणि पहिल्यांदा तुमचा आवाज दुसरीकडे उतरवून घेऊ."

जुनी सिस्टिम चालू झाली. फाइल सापडली. दुरुस्तीवालीने ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि स्पीकरची वायर जोडली. "ऐकून खात्री करून घ्या."

कंडक्टर झटकन उठला आणि बाहेर गेला. काचेचं दार त्याच्यामागे आपोआप लागलं.

फुटपाथवर रहदारीचा गोंगाट होता. आतलं काही ऐकू येत नव्हतं, दिसत मात्र होतं. सून आधी हसली. मग तिने मुलाच्या दंडावर चापट मारली, आणि मग ओढणी तोंडाला लावली. मुलाने मान खाली घातली. दुरुस्तीवाली पेटीचं झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिली. आपण नेमकं काय बोललो होतो, ते कंडक्टरला आता आठवत नव्हतं.

सुनेने काचेतून हाताने बोलावलं. त्याने मानेनेच नाही म्हटलं.

बगलेत लॅपटॉप धरून एक गिऱ्हाईक आलं आणि त्याने दाराला हात घातला. "दुकान उघडं आहे ना?"

कंडक्टर त्याच्यासमोर आडवा उभा राहिला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं. आत अजून त्याचं स्वतःचं बोलणं चालू होतं.