वखारीमागची भुईआवळी

चाळीत कावीळ शिरली तेव्हा वैशाख निम्मा सरला होता. साळूबाईचा पाय काही घरात ठरत नव्हता. भाकरी थापून झाली की ती पदर खोचायची आणि खुरपं घेऊन उन्हातच बाहेर पडायची.

हिंडायची ती भुईआवळीसाठी. वीतभर उंचीचं झाड, चिंचेसारखी बारीक पानं आणि पानांच्या पोटाला मोहरीएवढ्या आवळ्या. मुळासकट वाटून ताकातून द्यायचं, तेल-तिखट बंद ठेवायचं, की कावीळ उतरते असं तिच्या आईनं शिकवलं होतं. पावसाळ्यात ही भुईआवळी पायाखाली येते. पण वैशाखात सांगलीची जमीन तव्यासारखी तापलेली, आणि दारात तर रोज माणसं बसलेली. डोळे पिवळे, तोंडाची चव गेलेली.

साळूबाई पाटणकडची. धरणाच्या पाण्यात गाव गेलं आणि नवरा हरिबा सांगलीत हळदीच्या वखारीवर हमाल लागला. डोंगर सुटला तशी तिनं सांगलीच डोंगरासारखी हिंडून घेतली. रेल्वेच्या भिंतीकडेला अडुळसा, घाटाच्या वरच्या अंगाला निर्गुडी, कचेरीच्या आवारात लिंबावर चढलेली गुळवेल. कुठं काय उगवतं ते तिला चाळीतल्या खोल्यांसारखं पाठ झालं. खोकला, सूज, गळू, काही झालं की लोक आधी तिचंच दार वाजवत. आपल्यावाचून कुणाचं अडतं ही गोष्ट माणसाला सुखाची वाटते, तशी ती तिलाही वाटायची.

शेजारच्या खोलीत आक्काताई राहायची. दुष्काळात जतहून आलेली. मुलगा यल्लाप्पा, सून शांतव्वा. शांतव्वाला सातवा महिना लागला होता. एका दुपारी आक्काताई म्हणाली, "नेलनेल्ली हुडकतीस व्हय? वखारीच्या मागं बोळात बघ. लय माजलीया."

"नेलनेल्ली म्हंजे?"

"आमच्याकडं तसंच म्हंत्यात. नेल म्हंजे भुई, नेल्ली म्हंजे आवळा."

"मग ती आमचीच की गं!" साळूबाई हसली आणि तशीच उठली.

बोळात नळाची मोठी पाईप जमिनीखालून जात होती आणि तिला लागून गटार. सगळीकडं धुरळा, पण तेवढा पट्टा ओला, हिरवागार. भुईआवळी अशी दाटली होती की पाय ठेवायला जागा नाही. साळूबाईनं ओटी भरून आणली. देवच पावला म्हणून तिनं हात जोडले. एकदा खळबळून धुतली आणि पाट्यावर बसली.

त्या दिवसापासून तिच्या दारातून कुणी रिकामं गेलं नाही. आक्काताई म्हणाली, "आमच्या शांतव्वाला आधीच देऊन ठिव बाई. दोन जिवांची हाय, तिला पिवळी नगं व्हायला." साळूबाईला ते पटलं. सकाळी पहिली वाटी शांतव्वाची. नाक दाबून पोरगी प्यायची आणि "मावशी, लय कडू हाय वं" म्हणत गूळ मागायची.

मधे सरकारी दवाखान्याचे डॉक्टर चाळीत फिरून गेले. "पाणी उकळून प्या. कच्चं काही पोटात घालू नका," असं दारोदार सांगितलं. साळूबाईच्या पाट्याकडं बघून म्हणाले, "बाई, हेही उकळूनच देत जा."

"उकळल्यावर पाल्यात जीव ऱ्हातोय का सायेब?" ती म्हणाली. चाळ हसली. डॉक्टर पुढच्या दाराकडं वळले. त्यांचं बोलणं आक्काताईनं तेवढं मनावर घेतलं. सुनेचं पाणी ती चुलीवर उकळायला लागली. घरात बाकीच्यांना तेवढं जळण कुठून आणणार?

दिवस जात राहिले. काही माणसं बरी झाली. पाल्यानं झाली, पथ्यानं झाली की आपोआप, हे कुणी विचारलं नाही. पण नवी माणसं पडायची काही थांबेनात, आणि त्यामुळं साळूबाई आतून अस्वस्थ होती. गावाकडं कावीळ एखाद्या घरात यायची नि जायची. इथं ती भिंत धरून सरकत होती. स्वैपाक करताना हात मधेच थांबायचा. हरिबा म्हणायचा, "अगं, बस की जरा. सगळ्या गावाचा घोर तुलाच हाय का?"

आणि मग शांतव्वानं जेवण टाकलं. तिसऱ्या सांजेला आक्काताईनं तिला उजेडाकडं वळवून डोळे बघितले आणि मटकन खाली बसली.

"उकळल्याबिगर पाण्याचा थेंब दिला न्हाई गं तिला," आक्काताई कपाळाला हात लावून म्हणाली. "कच्चं म्हंशील तर तुजं औषध तेवढं."

तिच्या मनात काही नव्हतं. तोंडातून सहज गेलेलं वाक्य. पण साळूबाईला ते घशात काट्यासारखं अडकलं. ती खुरपं न घेताच उठली आणि बोळात गेली.

चाळीचा नळ सुरू होता. भुईआवळीच्या मुळांशी पाणी बुडबुड करत वर येत होतं, स्वच्छ, गार. ती तिथंच उकिडवी बसली. आपण काय शोधतोय हे तिचं तिलाही कळत नव्हतं. थोड्या वेळानं पलीकडं बायकांचा गलका झाला, "गेलं, पाणी गेलं!" बुडबुडे थांबले. साचलेलं पाणी घटकाभर स्थिर राहिलं आणि मग हळूहळू खाली उतरायला लागलं. शेजारच्या गटारातलं काळं पाणी त्या खळग्याकडं वळलं, पानांच्या बुडातून गेलं आणि जमिनीत कुणी घोट घ्यावा तसा आवाज करत आत ओढलं गेलं.

पाईप फुटली होती. नळ चालू असला की ती पाणी बाहेर टाकत होती आणि बंद झाला की गटार पीत होती. उद्या तेच पाणी सगळ्या चाळीच्या हंड्यात. आणि त्याच घाणीत उगवलेलं मूळ तिनं नुसतं खळबळून, कच्चं वाटून पाजलं होतं. पोटुशी पोरगी, तिला तर रोज.

घरी येऊन तिनं हरिबाला सांगितलं. त्यानं तंबाखू मळायला घेतली. "गप ऱ्हा," तो म्हणाला. "पाइपाचं सांग. पाल्याचं कशाला सांगतीस? लोक दारात उभं करायचं न्हाईत."

"आवं, पर अजून पीत्यात की ती! आज सकाळी बी न्हेलाय."

तेवढ्यात यल्लाप्पाच वाटी घेऊन दारात आला. "मावशी, जरा जास्त वाटून द्या. दोन येळा पाजतो."

"न्हाई देत." तिचा आवाज चिरकला. "टांगा आण बाबा. तिला मोठ्या दवाखान्यात न्हेऊया. आत्ताच."

"का? औषध संपलं?"

साळूबाईनं सांगून टाकलं. पाईप, गटार, मूळ, सगळं. आक्काताई दाराशी येऊन ऐकत होती. यल्लाप्पाच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"म्हंजे तुमीच पाजलं?" तो म्हणाला.

यल्लाप्पा वळला आणि टांगा आणायला पळाला. टांग्यात बसताना साळूबाईनं शांतव्वाला आधार द्यायला हात पुढं केला, तर आक्काताईनं तो बाजूला सारला.

मग साळूबाई दारोदार फिरली. "माज्याकडचा पाला पिऊ नगा, वतून टाका, पाणी उकळा." काही बायकांनी शिव्या घातल्या. ज्यांना बरं वाटलं होतं त्या म्हणाल्या, हिला उन्हाचं लागलंय. नगरपालिकेच्या पाणीखात्यातला मुकादम दादासो आधी यायलाच तयार नव्हता. ती त्याच्या दारात बसून राहिली. "मी सांगत न्हाई दादा. नळ बंद व्हायच्या टायमाला येऊन तुमीच बघा." तो आला, बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. दुसऱ्या दिवशी माणसं लागली, बोळ खणला, पाईप बदलली. भुईआवळीचा सगळा पट्टा मातीखाली गेला.

हळूहळू नवी माणसं पडायची थांबली. शांतव्वा वाचली. पोर दिवस भरायच्या आधीच झालं आणि रडलं नाही.

साळूबाई दवाखान्यात गेली होती, पण आत नाही. बाहेर डॉक्टर दिसले, चाळीत आलेले तेच. तिनं विचारलं, "सायेब, माज्यामुळं झालं का?"

त्यांनी तिच्याकडं बघितलं. "सांगता येणार नाही, बाई. पाणी उकळायला लागायच्या आधी ती नळाचंच पीत होती. त्यानंही झालं असेल." मग ते म्हणाले, "आणि नसेलही."

तिला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. धड हो नाही, धड नाही नाही. ते 'असेल-नसेल' घेऊन ती सांगलीभर हिंडली. निर्गुडीपाशी थांबली, गुळवेलीपाशी थांबली; हात लावावासा वाटेना. दारात कुणी आलं तर "दवाखान्यात जा" एवढंच म्हणायची.

शांतव्वाला घरी आणल्यावर मधली भिंत फारच पातळ झाली. पोरीचं कण्हणं इकडं ऐकू यायचं. ते कसलं कण्हणं ते साळूबाईनं ओळखलं होतं. पान्हा दाटला होता आणि प्यायला कुणी नव्हतं. त्यावर काय करायचं तेही ठाऊक होतं. पण उठायचं बळ नव्हतं. ती उंबऱ्यापर्यंत जायची आणि परत फिरायची.

दुपारी आक्काताईच दारात आली. किती दिवसांनी. आत आली नाही, चौकट धरून उभी राहिली.

"अंग फणफणलंय पोरीचं. छाती दगड झालीया. दवाखान्यातली गोळी दिलीया, पर उतार न्हाई तिला." मग जमिनीकडं बघत म्हणाली, "दूध आटायला मोगरा बांधत्यात न्हवं तुमच्यात?"

"बांधत्यात." साळूबाई म्हणाली. "पोटात न्हाई घ्यायचा. वरनंच."

"मग बसून का ऱ्हायलीस?"

साळूबाई पायात काही न घालता निघाली. गणपतीच्या देवळापाशी फुलवालीकडं होता नव्हता तेवढा मोगरा घेतला. आणलेली फुलं तिनं उकळून निववलेल्या पाण्यात धुतली. एकदा धुतली, पुन्हा धुतली. आक्काताई बघत होती.

"अगं, वरनंच बांधायची हाईत न्हवं?"

"असू दे," साळूबाई म्हणाली आणि तिसऱ्यांदा धुतली.

शांतव्वा भिंतीकडं तोंड करून पडली होती. साळूबाईनं फुलं जरा चुरली, मऊ धडुत्यात पसरली आणि पोरीच्या छातीवर हलक्या हातानं पट्टी गुंडाळली. आक्काताईनं पलीकडून टोक धरलं. मोगऱ्याच्या वासानं खोली भरून गेली.

"लय घट्ट झालं का?" साळूबाईनं विचारलं.

शांतव्वानं डोळे उघडले. त्यातला पिवळेपणा अजून पुरता गेला नव्हता. "न्हाई मावशी," ती म्हणाली. "जरा अजून आवळा."