हैदराबादहून एक तास

राकेशनं चहाचा कप उचलला आणि सहज बोलून गेला, की नोव्हेंबरात हैदराबादच्या ऑफिसात दत्तप्रसाद आणि तो आठ दिवस एकत्रच होते. काकांची तब्येत इतकी खालावली असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

कौशल्याबाईंनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"आठ दिवस का?" एवढंच त्यांनी विचारलं.

राकेश त्यांच्या मुलाचा कॉलेजपासूनचा मित्र. पुण्यातल्या पुण्यातच, हडपसरहून वारज्यापर्यंत दुचाकीवरून समाचाराला आला होता. आपण काय बोलून बसलो, हे जाताना जोडे घालेपर्यंत त्याला कळलंही नाही.

तो गेला तशा त्या फोनपाशी जाऊन बसल्या. रावसाहेबांना जाऊन आठ दिवस झाले होते. त्याआधी चार महिने ते अंथरुणाला खिळलेले, आणि चार महिने दत्ताचं एकच पालुपद: अमेरिकेतल्या सॅन होजेहून घरी पोचायचं म्हणजे सत्तावीस तास, साडेतेरा हजार किलोमीटर, मधे फ्रँकफर्टला ताटकळायचं, प्रोजेक्ट संपलं की येतो. शेजारणी टोमणे मारायच्या तेव्हा कौशल्याबाई हेच आकडे तोंडपाठ म्हणायच्या. जन्मभर भूगोल शिकवलेला. कपाटावरचा पृथ्वीचा गोल काढून, बोट ठेवून त्यांना अंतर दाखवायच्या. ते बोट आठवून आता त्यांची कानशिलं तापली.

पहिल्याच रिंगला दत्तानं फोन उचलला. उद्या निघतोय, तेराव्याच्या आधी पोचतो, असं तो सांगू लागला. त्यांनी मधेच तोडलं.

"हैदराबादहून पुण्याला विमानानं किती वेळ लागतो रे?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत.

"मी सांगते. एक तास. तुझे वडील इथे घोटभर पाण्यासाठी माझ्या हाताकडे बघत होते, आणि तू एका तासावर बसून होतास."

"आई, बाबांना माहीत होतं."

मग तो अडखळत सांगत गेला. हैदराबादला उतरल्याबरोबर त्यानं घरी फोन केला होता. आई औषधं आणायला गेलेली. उशाशी ठेवलेला फोन बाबांनीच उचलला. शनिवारचं तिकीट काढलंय म्हटल्यावर त्यांनी ते रद्द करायला लावलं. मला असं पडलेलं बघायला येऊ नकोस, म्हणाले. आईला सांगू नकोस, ती तुला ओढून आणेल. ती रोज दहाला बाहेर पडते, तेव्हा फोन करत जा. तो आठही दिवस करत राहिला. तासतासभर बोलणं व्हायचं.

"काय बोलायचे?"

"काहीही. मला पोहायला शिकवलं ते. तुमचं लग्न. एकदा तर खूप हसले."

कौशल्याबाईंची रिसीव्हरवरची बोटं आवळली. त्या चार महिन्यांत रावसाहेब त्यांच्याशी औषध आणि बेडपॅन यापलीकडे बोलले नव्हते. बोलायचं त्राणच उरलं नाही, असं धरून त्यांनी त्यांच्याभोवती दिवसभर पावलं न वाजवता वावरणं चालवलं होतं.

"आई, चिडलीस?"

"हो."

"माझ्यावर?"

समोर भिंतीवर रावसाहेबांचा फोटो होता. सकाळीच त्यांनी त्याला ताजा हार घातला होता.

"तू ये," त्या म्हणाल्या. "आल्यावर ते काय काय बोलले, ते सगळं मला सांग. एक शब्द गाळायचा नाही."

त्यांनी फोन ठेवला, खुर्ची उचलून फिरवली आणि फोटोकडे पाठ करून बसल्या.