प्रणालीचा पंचवीस हजारांचा आहेर

आमच्या गावात हळदीला आहेर माइकवर पुकारतात आणि वहीत लिहून घेतात. पुकारतो अंबाजी, कारण त्याचा आवाज खाडीपलीकडे जातो. लिहितो मी, कारण निवृत्त माणसाला कुठेतरी बसवावं लागतं. पुकारलेला आकडा मागे घ्यायचा एकाने प्रयत्न केला होता. तो आता पनवेलला राहतो.

हरेश्वरच्या हळदीला, उन्हं उतरता उतरता, त्याची धाकटी बहीण प्रणाली माझ्या टेबलाशी आली.

"काका, माझं नाव पुकारू नका हां. मी दादाला घड्याळ दिलंय."

"का गं? कमावती झालीस की."

न्हावा शेव्याला एका गोदामाच्या ऑफिसात तिला सतरा हजार पगार. त्यातले साडेचार हजार शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता. कर्ज तिच्याच नावावर, कारण तिचे वडील तुकाराम तत्त्वाचे: "शिक्षण तुझं, कर्ज पण तुझं." घरात जेवणाचे तीन हजार वेगळे. ओव्हरटाइम लागला की करंजाहून रेवसला येणारी शेवटची लाँच चुकायची, मग कुणा मैत्रिणीकडे जमिनीवर झोपायचं. अशा चौदा महिन्यांत तिनं पंचवीस हजार साठवले होते. उद्या दुपारी बाराच्या आत ते उरणला द्यायचे होते, खोलीचं डिपॉझिट.

"मालकीण हेतलबेन म्हणाल्या, बारा वाजले की बीजी पार्टी तैयार छे. म्हणजे दुसरं गिऱ्हाईक उभंच आहे."

तिनं फोनवर खोलीचा फोटो दाखवला. एक खिडकी, आणि खिडकीबाहेर भिंत.

"बघा ना, कुणीच दिसत नाही," ती म्हणाली. मांडवात इतकं खूश कुणीच नव्हतं, नवरदेव धरून. "औषधाच्या दुकानावर, पहिला मजला. घरी सांगू नका हां."

मी शब्द दिला, आणि पाळलाही. खोलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त तुकाराम माझ्या शेजारी जेवायला बसले तेव्हा म्हणालो, "पोरीनं पंचवीस हजार साठवलेत हो. आजकाल कोण साठवतं!" कौतुकात मी कधी मागे राहत नाही.

तुकारामांनी हातातलं हाडूक ताटात ठेवलं आणि ते उठून अंबाजीच्या कानाशी गेले.

"आनि आता!" अंबाजी गरजला. "नवऱ्याची भैन! न्हावा शेव्याला कामाला! सोताच्या पायावर हुबी ऱ्हायलेली आपल्या गावची वाघीण, प्रणाली! पंचवीस हजार!"

बँजो सुरू झाला. बायकांनी तिला ओढून मधोमध नाचवलं. सुटली तशी ती टेबलाशी आली.

"काका, खोडा ते."

"बाळ, शाईनं लिहिलंय."

खरं तर अजून लिहिलं नव्हतं. तिच्या देखतच लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

तिची आई काशी धावत आली. "येडी काय गं तू? बुडलं काय पैसं? वहीत नाव हाय तुझं. तुझ्या लग्नात हरेश्वर परत देल."

"आणि मी लग्नच नाही केलं तर?"

काशीनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. तसा रकाना नव्हता.

"बँजोवाला पैशाला थांबलाय," तुकाराम म्हणाले. "त्यालाच टाक, डायरेक."

"बाबा, तुम्हाला खोलीचं कळलं म्हणून केलंत ना?"

"कसली खोली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण शोधत होतो.

तिनं बँजोवाल्याच्या कोडसमोर फोन धरला आणि पैसे टाकले. अंबाजीनं टाळ्या मागितल्या, लोकांनी दिल्या. मग ती स्पीकरच्या मागे खुर्ची घेऊन बसली आणि कसल्याशा ॲपवर अकरा मिनिटांत कर्ज काढलं. घेतले तीस, हातात आले पंचवीस. त्यात एकदाच तिनं मान वर केली.

"काका, भरवशाच्या एका माणसाचा नंबर मागतायत. कुणाचा देऊ?"

"वडिलांचा दे," मी म्हणालो. "मी आपला पेन्शनर."

दुसऱ्या दिवशी बाराच्या आत हेतलबेनना डिपॉझिट मिळालं. प्रणाली त्यानंतर घरी आली नाही. तुकाराम नाक्यावर सांगत, "पोर एक पैसा मागत न्हाय." दोन कर्जांचे हप्ते, वर भाडं, मागायला तिला वेळ कुठला होता म्हणा.

तिसऱ्या महिन्यात ॲपचा हप्ता चुकला आणि मोटरसायकलवरून दोघे जण तुकारामांच्या ओटीवर आले. तुकारामांनी त्यांना पाणी विचारलं.

"ती सोताच्या पायावर हुबी हाय," ते म्हणाले. "तिलाच इचारा."

"फोन उचलत नाही ती. राहते कुठं?"

तुकारामांना ठाऊक नव्हतं. मी तिथंच चहा घेत बसलो होतो, आणि लांबून उन्हात आलेली माणसं.

"उरणला, औषधाच्या दुकानावर, पहिला मजला," मी सांगितलं. "निवांत जा. खिडकी आहे, पण बाहेर भिंत आहे."