नऊवर थांबलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना काट्याचा मीटर आहे. विजेचा दाब मोजणं, तार तुटली आहे की जोडलेली आहे ते सांगणं, हे माझं काम. नव्या मीटरांसारखे आकडे माझ्या कपाळावर झळकत नाहीत. माझ्या पोटात एक बारीक काटा आहे, काट्यामागे आरशाची अरुंद पट्टी आहे आणि वरची काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे. मला म्हातारा म्हणा, डबा म्हणा, मी ऐकून घेईन. खोटा मात्र म्हणू नका. ते मी गेल्या जानेवारीतही ऐकून घेतलं नाही.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. डोळे उघडले ते नगरजवळ भिंगारला, सायमन पाटोळे यांच्या दुकानात. रेडिओ, पंखे, इस्त्र्या, लष्करातल्या घरांचे फ्रिज, सगळं तिथे यायचं. सायमनदादा घाईचे नव्हते. माझ्याकडे बघताना ते एक डोळा मिटायचे आणि शिकाऊ मुलांना सांगायचे, “काटा आणि त्याची आरशातली छबी एकावर एक आली, की मग वाचायचं. तोवर तोंड उघडायचं नाही.”

त्या शिकाऊंमध्ये सोनईचा सहादेव सगळ्यात हुशार. एसटीने यायचा, एसटीने जायचा. दादांची लेक मरिया शाळेतून आली की त्याच्याच शेजारी बसायची. सोल्डरिंग, म्हणजे कथिल वितळवून तारा कशा जोडायच्या, ते तिला बापाने नाही, सहादेवने शिकवलं. पहिल्यांदा बोट भाजलं तेव्हा फुंकरही त्यानेच घातली होती.

पुढे दादा गेले आणि दुकान बंद झालं. मला कुणीतरी खणात टाकलं, ते टाकलंच. माझ्या पोटातले सेल तसेच राहिले, फुटले, त्यांच्या पांढऱ्या खाराने माझ्या पितळी पट्ट्या खाल्ल्या. चार वर्षं मी अंधारात पडून होतो. कुणी खण उघडला की वाटायचं, आता मला काढतील. ते स्क्रूड्रायव्हर काढायचे आणि खण लावून टाकायचे.

एका नाताळच्या साफसफाईत मरियाने मला बाहेर काढलं. तोवर ती आयटीआय करून नगरच्या एमआयडीसीत, वायरिंगची तपासणी करून दाखला देणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली होती. तिने जुन्या टूथब्रशने माझा खार घासला, पट्टी बदलली, नवे सेल घातले. माझा काटा हलला तेव्हा ती हसली नाही. नुसतं म्हणाली, “चला.” तेव्हापासून कंपनीच्या नव्या मीटरसोबत तिच्या बॅगेत मीही असतो.

आता जानेवारीतली गोष्ट सांगतो.

सोनईहून तासाभराच्या वाटेवर धरणाच्या फुगवट्याचं पसरट पाणी आहे. तिथे एका क्लबने मुलींना नौकानयन शिकवायला शिडाची मोठी नाव आणली होती. तिचं नाव राजनंदिनी. अशी नाव चालते वाऱ्यावर, पण तिलाही वीज लागते. डोलकाठीवरचा दिवा, मदत मागायचा रेडिओ आणि तळाशी साचणारं पाणी उपसणारा पंप, हे सगळं एका बॅटरीवर चालतं. पावसाळ्यात ही वायरिंग भिजून खराब झाली होती. दुरुस्ती झाली होती, फक्त तपासणी आणि सही बाकी होती. अकरा वाजता सोनईच्या शाळेतल्या अकरा मुली पहिल्यांदा पाण्यावर जाणार होत्या. आम्ही नऊला पोहोचलो.

धक्क्यावर क्लबचे व्यवस्थापक पार्थ सर फुलांच्या माळा बांधून घेत होते. क्लबच्या मदतनीस केशरबाई पाण्यात तरंगवणारी जाकिटं मोजून ठेवत होत्या. आणि नावेत, हातात पकड घेऊन, सहादेवकाका उभे होते. दुरुस्ती त्यांनी केली होती.

“अगं, तू व्हय!” ते खुलले. “मग झालंच म्हनायचं. सायमनदादाची पोरगी माझं काम तपासनार.”

मरियाही खुलली. पण माझ्या तारा बाहेर काढताना तिचे हात नेहमीसारखेच चालले, ना भरभर ना हळू.

पार्थ सरांनी आपला नवा मीटर आधीच पंपाच्या टोकांना लावून ठेवला होता. “बघा मॅडम, बारा पॉइंट सहा व्होल्ट. एकदम ओके.”

मित्रांनो, तो नवा मीटर खोटं बोलत नव्हता. त्याला प्रश्नच अर्धा विचारला होता. पंप बंद असताना सडक्या तारेतूनही पूर्ण दाब दिसतो; तारेवर भार पडला की मग तो ढासळतो. मरियाने माझी टोकं त्याच जागी लावली. माझा काटाही साडेबारापाशी गेला. मग ती म्हणाली, “आता पंप चालू करा.”

पंप घरघरला. माझा काटा खाली आला. बारा, अकरा, दहा, आणि नऊवर थांबला. मरियाने एक डोळा मिटला. काटा आणि छबी एक झाली. “नऊ,” ती म्हणाली.

“म्हातारा झालाय तो मीटर,” पार्थ सर हसले. “खोटं दाखवतोय.”

मी काटा तसूभर हलवला नाही. मरियाने त्यांचाच नवा मीटर उचलून लावला. नऊ पॉइंट एक. हसू थांबलं.

मग तिने तळाची फळी उचलली. खाली तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेला होता, आणि टेप पाण्यात बुडालेला. तिने दिव्याच्या तारेचा एक जोड हलकेच ओढला. तो हातात आला. आणि बॅटरीपाशी, जिथे फ्यूज असायला हवा, तिथे तारेचा जाड तुकडा होता.

“काका, हे?”

सहादेवकाकांची मान खाली गेली. “फ्यूज सारखा उडत हुता. पार्थ सायेब म्हनले, शनिवारच्या आत पायजे. म्हनून तार टाकली. नंतर बदलनार हुतो.”

“फ्यूज उडत होता म्हणजे तो ओरडत होता, काका. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत.”

काकांचा चेहरा लाल झाला. “मला शिकवती? तुझ्या हातात सोल्डरिंगची इस्त्री कुनी दिली गं पहिली?”

“तुम्हीच,” मरिया म्हणाली. “म्हणूनच सही करणार नाही.”

पार्थ सरांनी तिच्या कंपनीच्या साहेबांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. एवढं काय त्यात, नाव काठाकाठानेच फिरणार, सही कर आणि मोकळी हो. मरिया म्हणाली, “सर, तुम्ही स्वतः इथे येऊन सही करा. मी यादीतली नावं वाचून दाखवते, कुठल्या कुठल्या मुली आहेत ते.” पलीकडे फोन बंद झाला.

मग तिने लाल खडू काढला आणि राजनंदिनीच्या अंगावर, फुलांच्या माळेखाली, मोठ्या अक्षरांत लिहिलं: तपासणीत नापास. खाली तारीख, आपलं नाव, आपला फोन नंबर. मला मांडीवर घेऊन ती चढायच्या फळीवरच बसली.

“उठा मॅडम. मुली आल्या की तमाशा नको,” पार्थ सर म्हणाले.

“तमाशा पाण्यात होण्यापेक्षा इथे बरा.”

मुलींची गाडी आली. केशरबाई पुढे आल्या. त्यांनी मोजलेली सगळी जाकिटं उचलली, खोलीत टाकली आणि कडी घालून दारात उभ्या राहिल्या. “माझी निकिता हाय या पोरींत. ही पोर म्हनती न्हाई, तर न्हाई. जाकिटाबिगर कोन नेतं ते बघते मी.”

सहादेवकाका अजून नावेतच होते. पंप मघापासून चालूच होता, तळाचं पाणीही उपसून झालं होतं; कुणाच्या लक्षात नव्हतं. त्यांनी वाकून आपल्याच एका जोडाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. टेप मऊ होऊन वितळायला लागला होता. बारीक धूर निघाला. त्यांनी पंप बंद केला.

“दादा असता तर ही वायर तोडून माझ्या हातात दिली असती,” ते म्हणाले.

मरियाने बॅगेतली कातरपकड काढून त्यांच्यासमोर धरली. काकांनी ती घेतली आणि आपलंच काम मुळापासून कापून काढलं, एकेक तार, अकरा मुलींच्या समोर. पार्थ सर ओरडत राहिले. काकांनी एकदाच मान वर केली. “सायेब, आता आठ दिवस लागतील. आठच. सात न्हाई.”

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. नवीन तारा, पक्के दाबलेले जोड, फ्यूज आपल्या जागी. काका म्हणाले, “ओढून बघ. लई जोरात ओढ.” मरियाने एकतीस जोड ओढले. दोन ढिले निघाले, ते तिने नापास केले आणि काकांनी हसत पुन्हा केले. मग पंप चालू झाला आणि माझा काटा बाराच्या वर ठाम राहिला. त्या दुपारी निकिताला शीड ओढताना मी पाहिलं. वारा भरला तेव्हा ती किंचाळली, भीतीने नव्हे.

मरियाच्या साहेबांनी तिला नंतर मोठी कामं देणं बंद केलं. तिने नोकरी सोडली. आता ती स्वतःच्या नावाने तपासणी करते आणि सहादेवकाका आपलं प्रत्येक काम आधी तिला दाखवतात.

परवा कुणीतरी तिला म्हणालं, हा मीटर आता काचेच्या कपाटात मानाने ठेव. मित्रांनो, मला तो मान नको. माझे सेल वेळेवर बदला, वापर झाल्यावर माझा खटका बंद करा, ओल्या हाताने मला धरू नका. एवढं केलंत की पुरे. पण मला कपाटात ठेवू नका. आणि माझ्याकडून गोड उत्तर मागू नका, ते माझ्यापाशी नाही.

उद्या सकाळी जामखेडला एका शाळेतल्या पाण्याच्या मोटारीची तपासणी आहे. तिथेही कुणीतरी घाईत असेल. असू दे. आम्ही येतो आहोत.