केळ्याच्या आतला माणूस

रविवार म्हणजे प्रज्ञाचा हक्काचा वार. सकाळी विहारातली वंदना आटपायची, येताना मेथीची जुडी घ्यायची आणि सासूबाईंजवळ ओट्यावर बसून ती निवडता निवडता अख्ख्या पिंप्राळ्याची उणीदुणी काढायची. याला ती विश्रांती म्हणायची. आजही मेथी निवडणं चाललं होतं, पण पानं कचऱ्यात आणि काड्या टोपलीत जात होत्या. सगळं लक्ष मोबाइलमध्ये.

मोबाइलवर धुळ्याचं मैदान दिसत होतं. राज्यस्तरीय शालेय क्रीडा स्पर्धांचं उद्घाटन, थेट प्रक्षेपण. रंगीत झेंडे, लेझीमवाल्या मुली, जिल्ह्याजिल्ह्यांची पथकं आणि सगळ्यांच्या पुढे जळगावचं शुभंकर, म्हणजे माणसाएवढं पिवळंधमक केळं. डोळे बटाट्याएवढे, हातात पांढरे मोजे, तोंडावर कायमचं हसू. त्या केळ्याच्या आत प्रज्ञाचा नवरा होता.

समाधान सर शाळेत खेळाचे शिक्षक. केळं व्हायचं होतं दहावीतल्या एका पोराला, पण ते ऐन वेळी तापाने फणफणलं. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, उंचीने तुम्हीच बसता." आता नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण तर सांगायचं नव्हतं. दोन वर्षांपासून सरांना शुगर होती, रोज इंजेक्शन घ्यावं लागे. ही गोष्ट फक्त प्रज्ञाला माहीत. आईलासुद्धा सांगितलेली नव्हती. "खेळाच्या मास्तरलाच शुगर म्हटल्यावर पोरं माझं काय ऐकतील? मैदान काढून घेतील नि ऑफिसात बसवतील मला," असं म्हणून त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं. पुरुषांची अब्रू कुठे अडकून बसेल, काही नेम नाही बाई.

सकाळी धुळ्याहून त्यांचा मेसेज आला होता. "पोहचलो. इंजेक्शन घेतलं. नाश्ता लागतोय." प्रज्ञाने सुटकेचा निःश्वास सोडला. थोड्याच वेळात दुसरा आला. "नाश्ता उद्घाटनानंतर. पाहुणे आल्याशिवाय कोणी खायचं नाही म्हणे. डबा बसमध्ये राहिला, बस लांब लावलीय. केळ्यात शिरतोय, फोन बॅगेत."

झालं! इंजेक्शन पोटात आणि पोट रिकामं, म्हणजे शुगर धाडकन खाली येणार. एरवी खिशात साखरेची पुडी असायची, पण त्या जाड पोशाखाच्या आत स्वतःच्या खिशात हात घालायचा तरी कसा? प्रज्ञाने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बॅगेला काय कान असतात?

आणि पाहुण्यांचा पत्ताच नाही. पाहुणे ते पाहुणे, वेळेवर आले तर त्यांना पाहुणे कोण म्हणणार? पोरं उन्हात ताटकळलेली. माइकवर समाधान सरांच्याच शाळेतले, नवीन नावाचे सर होते. "मान्यवर अवघ्या पाच मिनिटांत आपल्यात येत आहेत," असं ते चौथ्यांदा म्हणाले आणि प्रज्ञाने त्यांना मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. लोकांचा वेळ जावा म्हणून त्यांनी केळ्यालाच नाचायला लावलं. "वाजवा रे!" ढोल सुरू झाला. केळं नाचलं, उड्या मारल्या, हात हलवले.

"जोरदार नाचस वं ते," सासूबाई द्रौपदाबाई खुशीत म्हणाल्या. आत कोण आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.

प्रज्ञाने मोबाइल जवळ ओढला. उगाच घाबरतेय मी, तिने स्वतःला बजावलं. चांगले धडधाकट आहेत, एवढ्या तेवढ्याने काय होतंय! पण केळ्याचे पाय आता ढोलाच्या ठेक्यावर पडत नव्हते. ते एकदा डावीकडे झुकलं, सावरलं, झेंड्याच्या काठीला धरून उभं राहिलं. मग काठीसकट खाली आलं.

मैदान खो खो हसलं. टाळ्या, शिट्ट्या! मोबाइलवर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडायला लागला.

"देख, केळं पडनं!" द्रौपदाबाईंनी मांडीवर थाप मारली. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

केळं उठेना. लोकांना वाटलं, नाटक करतंय. प्रज्ञाने नवीन सरांना फोन लावला. स्क्रीनवर तिला ते दिसले: खिशातून फोन काढला, नाव पाहिलं, कट केला. तिने पुन्हा लावला. पुन्हा कट! "अहो उचला ना, मेल्याहो!" ती ओरडली तशा सासूबाई हसायच्या थांबल्या. तिसऱ्यांदा त्यांनी माइक बाजूला धरून फोन कानाला लावला.

"वहिनी, कार्यक्रम चालूय, नंतर..."

एक क्षण, एकच क्षण प्रज्ञाची जीभ अडली. वचन दिलं होतं ना. मग तिचा बांध फुटला. "सर, ते नाटक नाहीये! समाधानरावांना शुगर आहे, इंजेक्शन घेऊन उपाशी आहेत ते! आधी ते डोकं काढा, साखर द्या, धावा!"

नवीन सर धावले, आणि नेमका त्याच वेळी मैदानात गाड्यांचा ताफा शिरला. कॅमेरा गर्रकन वळला. आता स्क्रीनभर पाहुणे, हार, फेटे, नमस्कार. केळं कुठे दिसेचना. फक्त हातातल्या माइकमधून नवीन सरांचा आवाज मैदानभर घुमत होता. "कोणाकडे साखर आहे का? साखर, गूळ, काहीही! आपल्या समाधान सरांना शुगर आहे!"

"समाधान?" द्रौपदाबाईंनी प्रज्ञाचा हात घट्ट धरला. "मना समाधान? त्या केळामां?"

प्रज्ञाने नुसती मान हलवली. आत्ताच आपण कशाला हसलो ते म्हातारीच्या ध्यानात आलं आणि तिने पदर तोंडात कोंबला. पडद्यावर पाहुणे सावकाश दीप लावत होते. एक वात विझली, पुन्हा लावली. मग भाषण सुरू झालं. दोघी सासू-सुना त्या भाषणातला एक शब्द न ऐकता, एकमेकींना धरून बसून राहिल्या.

फोन वाजला.

"मी बोलतोय." आवाज खोल गेलेला, पण त्यांचाच. प्रज्ञा हुंदके देऊन रडायला लागली. द्रौपदाबाईंनी फोन ओढून घेतला, "पोऱ्या, जेवना का तू?" एवढंच विचारलं आणि परत दिला.

"सगळ्या मैदानाला कळलं, प्रज्ञा," ते म्हणाले. "माइकवरून कळलं."

"कळू द्या! मला जिवंत नवरा पाहिजे, त्याची अब्रू घेऊन काय चाटायचीय?"

पलीकडे त्यांनी पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"सर्वांत आधी साखर कोणी आणली माहितीय? दोंडाईच्याचे अभिमन सर. कबड्डीवाले, हा एवढा गडी. पळत आले, खिशातून साखरेची पुडी काढली आणि माझ्या तोंडात ओतली. पुडी, प्रज्ञा. खिशात. माझ्यासारखीच कागदात बांधलेली. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी मान फिरवली."

प्रज्ञाने डोळे पुसले.

"त्यांच्या मिसेसचा नंबर घ्या," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता घ्या."