फिरत्या काचेवरचा मासा

आमच्या पोलाद कारखान्याच्या शहरात, जुनवानीच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर, चायनीज सी-फूडचे एक हॉटेल आहे. मासे विशाखापट्टणमहून बर्फात येतात, असे दाराशी लिहिले आहे. शनिवारी संध्याकाळी सात वाजता माझा मुलगा शुभम मला तेथे घेऊन गेला. सोबत सून मोना, नात रोशनी, आणि दुर्गच्या पद्मनाभपुरातून आलेली माझी मुलगी दामिनी. टेबल गोल होते आणि त्याच्या मध्यभागी फिरती काच बसवलेली होती. मी ती बोटाने ढकलून पाहिली. खालचे बेअरिंग सैल झाले होते. दर फेरीत एका ठिकाणी काच अडखळत होती.

हे जेवण कशासाठी आहे, ते पाचही जणांना ठाऊक होते.

माझी पत्नी सिंधू जाऊन सात महिने झाले. आमचे मूळ गाव भंडारा जिल्ह्यात, तलावाच्या काठी. आमच्या घराण्यात माणूस गेले की मासोळी बंद होते आणि तेराव्यानंतर पुन्हा सुरू होते. मात्र ज्याचे सर्वांत जवळचे माणूस गेले, त्याने पहिला घास घ्यायचा. तोवर घरातील कोणी मासोळी खात नाही, की घरात शुभकार्य ठरत नाही. चौदाव्या दिवशी दामिनीने माझ्यापुढे ताट आणून ठेवले होते. मी ‘आज नको’ म्हणालो. त्यानंतर कोणी विचारले नाही आणि मीही विषय काढला नाही.

रोशनीचा साखरपुडा त्यामुळे अडला होता. मुलाकडची, म्हणजे राजदीपची, मंडळी रेल्वेतली, डोंगरगडला राहतात. त्यांनी दोनदा तारीख विचारली. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता, असे शुभमने मला सांगितले. तेवढेच सांगून तो ड्यूटीवर निघून गेला होता.

“भाऊ, मेनू वाचून राहिला का पेपर सोडवून राहिला?” दामिनी शुभमला म्हणाली.

“नावंच समजून नाही राहिले.”

“मग एखाद्यावर बोट ठेव ना. खेकडा आला तर तू खा.”

“पापा, स्टीम्ड फिश लिखवा दो,” रोशनी म्हणाली. “आबाजी को तला हुआ मना है.”

मोना माझ्याकडे वळली. “घरच्या कढईतली नको म्हटलं, बाबाजी. तिथं आईंचा हात आठवते. इथं कोणाचाच हात आठवत नाही.”

तिचा विचार बरोबर होता. मी मान हलवली.

मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेतला आणि चौतीस वर्षे कारखान्यातील रोलिंग मिलच्या देखभालीत काढली. मशीन थांबले तर आधी कारण शोधायचे, मगच ते पुन्हा सुरू करायचे, ही तेथील शिस्त. मी स्वतःलाही तीच लावून पाहिली होती. शोकामुळे माझ्या घशाखाली मासोळी उतरत नाही, असे सर्वांनी धरले होते. ते खरे नव्हते. सिंधू गेल्यापासून मला काहीही वाटले नव्हते. डोळ्यांत पाणी आले नाही. भूक लागत होती, झोप लागत होती, रक्तदाब पूर्वीइतकाच होता. तिच्यासाठी माझ्याकडून एकच गोष्ट होत होती, ती म्हणजे मासोळी न खाणे. तीही सोडली तर तिच्यासाठी मी करतो असे काही उरणार नव्हते.

मासा आला. डोक्या-शेपटीसह अखंड, वर आल्याचे उभे काप आणि कांद्याची पात. वेटरने तो दामिनीसमोर ठेवला. तिने काच हळूहळू फिरवली आणि मासा माझ्यासमोर येऊन थांबला. मोनाने नूडल्स वाढल्या. रोशनीला भात हवा होता, म्हणून तिने काच ओढली, तेव्हा मासा शुभमपुढे गेला. त्याने हात मागे घेतला आणि काच परत फिरवली. मासा पुन्हा माझ्यासमोर आला.

“सर, काट दूँ? ठंडा हो जाएगा,” वेटर म्हणाला.

“रहने दो भैया, थोड़ी देर,” शुभम म्हणाला.

रोशनीचा फोन टेबलावर पालथा ठेवलेला होता. तो दोनदा थरथरला. तिने उचलला नाही.

“राजदीप काय?” मी विचारले.

“हो.”

“पाहा ना मग. काय म्हणून राहिला?”

तिने फोन उचलून वाचला. “विचारून राहिला, आबाजी जेवले का?”

“मग सांग त्याले.”

“काय सांगू?”

तिने ते साधेपणाने विचारले, उत्तर लिहून पाठवायचे असल्यासारखे. मला तिच्याशी खोटे वागणे शक्य नव्हते.

“मी दुःखानं थांबलो नाही,” मी म्हणालो. “तुमाले तसं वाटत असन, तर ते बरोबर नाही. मले काहीच वाटत नाही. सात महिन्यांत एकदाही वाटलं नाही.”

मोनाने चमचा खाली ठेवला.

“आमाले माहीत आहे, बाबा,” दामिनी म्हणाली.

“कधीपासून?”

“घाटावरच दिसलं. सारे रडून राहिले होते आन् तुम्ही लाकडं मोजून राहिले होते.”

“सांगितल्यापेक्षा कमी आली होती,” मी म्हणालो.

“आई असती तर म्हणाली असती, यायले मोजू द्या, मधात बोलू नका.”

शुभम हसला. मोनाही हसली आणि तिने लगेच पदर तोंडाला लावला. मला हसू आले नाही. परंतु ते वाक्य सिंधूचेच होते, यात शंका नव्हती. ज्या गोष्टीवर मी सात महिने झाकण धरून बसलो होतो, ती या सर्वांनी पहिल्याच दिवशी पाहिली होती. माझे न खाणे कोणालाही काही दाखवत नव्हते. त्यामुळे अडली होती ती फक्त रोशनी.

मी चमच्याने पोटाकडचा तुकडा काढला. काटे तपासून बाजूला ठेवले आणि घास तोंडात घातला. मासा गार झाला होता. आले जाणवले. बाकी काही जाणवले नाही. चावून झाल्यावर मी थोडा वेळ थांबलो. काही होईल, असे वाटले होते. झाले नाही.

“लिही,” मी रोशनीला म्हणालो. “जेवले म्हणावं.”

ती लिहू लागली. शुभमने काच स्वतःकडे ओढली. त्याने घेतले, मोनाने घेतले, दामिनीने सर्वांत मोठा तुकडा घेतला आणि मागे वळून वेटरकडे लिंबू मागितले. तारीख एकादशीनंतरची धरावी की पौर्णिमेची, यावर बहीण-भावाची वादावादी सुरू झाली. मोना म्हणाली, हॉलवाल्याले आधी विचारा, मग भांडा. काही मिनिटांत माशाचा मधला काटा दिसू लागला.

“बाबा, अजून देऊ?” दामिनीने विचारले.

मी ताट पुढे केले.