ज्या खुर्चीवरून मोठ्या बाई उठल्या

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि सध्या माझे चारही पाय शिवशिवत आहेत. माझ्याभोवती लाल दोरी आहे आणि पाठीवर पितळी पाटी. पाटीवर कोरले आहे, 'या खुर्चीवर बसून मोठ्या बाईंनी एकतीस वर्षे शाळेचा कारभार पाहिला.' हे धादांत खोटे आहे. दिवसभर येणारेजाणारे ते वाचतात आणि हळहळतात. लाजेने मान खाली घालावी म्हटले, तर मला मानच नाही.

मला घडवणारा सुतार मोठा चोखंदळ होता. त्याने माझे हात गोल तासले, बैठक वेताची विणली, पाठ उंच ठेवली. "मुख्याध्यापकांची खुर्ची आहे. बसलेला माणूस उठता कामा नये," असे तो म्हणाला. पहिले मुख्याध्यापक खरोखरच उठले नाहीत. एकोणीस वर्षे ते माझ्यात रुतून होते. मोठेपणा म्हणजे एका जागी बसणे, अशी माझी तेव्हापासून पक्की समजूत झाली.

मग मोठ्या बाई आल्या. त्या याच गावच्या, याच शाळेत शिकलेल्या. नऊ वर्षे सातवीला गणित शिकवून त्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या. पहिल्या दिवशी माझ्यावर टेकल्या, तेव्हा त्यांच्या चपलांची फक्त टोके जमिनीला लागत होती. मला हसू आले. तरी चार महिने त्या माझ्यावर रोज बसल्या. एकतीस वर्षांतले हे चार महिने तेवढे खरे.

एका दुपारी त्या पट तपासत होत्या. महिनाभर न कळवता गैरहजर राहिलेल्या मुलांची नावे पटावरून कमी करायची, असा नियम होता. सहावीतली एक मुलगी पाच आठवडे आली नव्हती. बाईंनी तिच्या नावावर लाल रेघ मारली, सही केली आणि पान उलटले.

त्याच वेळी बंद दाराबाहेर त्या मुलीचे वडील उभे होते. ते गवंडी होते. हातपाय धुऊन, अर्धा दिवस काम सोडून आले होते. आई अंथरुणाला खिळली म्हणून मुलगी घरी राहिली आहे, तिचे नाव तेवढे राहू द्या, एवढेच त्यांना सांगायचे होते.

"बाई कामात आहेत. थांबा जरा," शिपाईकाका त्यांना म्हणाले.

बाहेर बसायला काही नव्हते. ते दीड तास उभे राहिले. मला त्यांचे खोकणे ऐकू येत होते, पण मी आपल्याच तोऱ्यात होते. बाईंना कसे छान धरून ठेवले आहे, असे मला वाटत होते. मग त्या वडिलांची कामावर परतायची वेळ झाली आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शिपाईकाकांच्या बोलण्यात सहज ही गोष्ट निघाली. बाई तशाच उठल्या आणि मुलीच्या घरी गेल्या. पण वर्गातल्या मुलींनी तिला आदल्या संध्याकाळीच सांगितले होते, की तुझे नाव गेले. शाळा सुटलीच, तर आईच्या औषधाला पैसे तरी येतील, म्हणून घरच्यांनी तिला त्याच सकाळी दुसऱ्या गावी मावशीकडे कामाला पाठवून दिले होते. बाई त्या गावीही गेल्या, दोनदा गेल्या. परत आल्यावर त्या शिपाईकाकांशी बोलल्या, तेव्हा मी ऐकले.

"नाव परत घातलंय म्हटलं तिला. तर दारात उभी राहून म्हणाली, 'आता वर्ग खूप पुढे गेला असेल ना, बाई?' नाही आली."

शिपाईकाका म्हणाले, "मीच आत सोडायला हवं होतं त्यांना."

"तुम्ही नाही. दार मी लावून घेतलं होतं." मग बाईंनी माझ्याकडे पाहिले. "ही खुर्ची टेबलाच्या अलीकडे घ्या, दाराजवळ. येईल तो बसेल."

"आणि तुम्ही?"

"मी उभी राहीन. बसलं की मला दाराबाहेरचं दिसत नाही."

खरे सांगते मित्रांनो, मला भयंकर राग आला. मुख्याध्यापकांची खुर्ची मी, आणि माझ्यावर आता ऐरेगैरे बसणार! बाईंच्या पायाला तर भिंगरीच लागली. सह्या त्या बुटक्या कपाटावर कागद ठेवून करत. बोलता बोलता जिना चढत, अर्धे वाक्य वर आणि अर्धे खाली. शिक्षक आपसांत म्हणत, "बाईंना एकदा खिळे ठोकून बसवायला हवं." शेवटी शेवटी त्यांचे गुडघे सुजले, तरी त्या बसल्या नाहीत. हट्टच तो. मला त्यांची काळजी वाटे आणि चीडही येई.

पण माझ्यावर कोण कोण बसले म्हणून सांगू! तावातावाने भांडायला आलेले पालक एवढ्या मोठ्या खुर्चीत बसले, की त्यांचा आवाज आपोआप खाली येई. नाकातून रक्त येणारी मुले डोके मागे टाकून बसत, मग बाई त्यांचे डोके पुढे वाकवत. आठवीच्या वर्गावर पहिला तास घेऊन आलेली नवी शिक्षिका माझ्यावर बसून पोटभर रडली. एकदा तपासणीला आलेले साहेब ऐसपैस बसले होते. तेवढ्यात एका मुलाच्या आजी आल्या. बाई म्हणाल्या, "साहेब, जरा उठता का? आजी चालत आल्यात." साहेब उठले! त्या दिवशी माझा सगळा राग गेला. आपण कशासाठी आहोत, ते मला कळले.

बाई निवृत्त झाल्या, मग आजारी पडल्या आणि मागच्या महिन्यात गेल्या. शाळेत शोकसभा झाली. मला घासूनपुसून व्यासपीठावर ठेवले, माझ्यावर बाईंचा फोटो ठेवला. बाईंची मुलगी आली होती. कितीतरी आठवडे दवाखान्यात जागून तिचे डोळे खोल गेले होते. फोटो बाजूला सरकवून ती माझ्या कडेला टेकू लागली, तोच संस्थेचे अध्यक्ष लगबगीने पुढे आले.

"ताई, तिथे नको. आईंचं स्मारक आहे ते."

ती बिचारी उभी राहिली. मागच्या रांगेतून म्हातारे झालेले शिपाईकाका थरथरत उठले. "अहो, बाई असत्या तर त्यांनीच बसवलं असतं तिला. बाई कुठे बसायच्या यावर?"

लोकांना वाटले, काकांना दुःख सोसवत नाही. कुणीतरी त्यांना पाणी दिले. अध्यक्षांनी दोरी बांधली.

आता मी कार्यालयाबाहेर व्हरांड्यात उभी आहे. रोज माझी धूळ झटकतात, मला तेल लावतात. इतके लाड माझे जन्मात झाले नव्हते. तरी मला चैन नाही. आपल्याला जपा, अशी विनवणी माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी करतात. मी उलटेच सांगते. मला जपू नका. माझे वेत तुटू देत, पाय डगमगू देत.

आत्ता मधली सुट्टी झाली आहे आणि तुम्ही इथूनच पळत चालला आहात. नव्या मुख्याध्यापकांचे दार बंद आहे. ते वाईट नाहीत, कामात आहेत. दाराबाहेर एक बाई कधीची उभी आहे. तिच्या हातात घडी घातलेला अर्ज आहे, आणि ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देते आहे. आता तिने घड्याळ पाहिले. ती निघेल.

मित्रांनो, थांबा. दोरीला एकच आकडा आहे, तुमच्या हाताने सहज निघेल. तो काढा आणि तिला म्हणा, "बसा."